ताक प्यायलेला स्लॅब

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच कबूल करून मोकळा होतो. आमच्या भाटवाडीत माझी पत अशी, की मी ‘पाऊस आला’ म्हणून ओरडलो तर बायका वाळत घातलेले बांगडे उचलायच्या आधी आभाळाकडे बघून खात्री करतात. सत्तरी उलटली. त्यातली साठ वर्षं मी गजाली सांगण्यात घालवली आणि उरलेल्या वेळात लोकांची घरं दुरुस्त केली. पण काँक्रीट ताक पितं, आणि पोट भरलं नाही तर उठून भावाच्या घरी राहायला जातं, ही गजाल मी रचलेली नाही. तेवढी अक्कल असती तर हातात हातोडी कशाला धरली असती?

मी वासुदेव केरकर. वेंगुर्ल्याच्या खाली, खाडीच्या तोंडाशी राहतो. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले स्लॅब, तुळया, गॅलऱ्या सुधारणं हा माझा धंदा, म्हणून वासू मेस्त्री.

२०४३ सालची दिवाळी आठवड्यावर आली होती, त्या दिवशीची गोष्ट. माझ्या पडवीत तीन माणसं होती आणि आत एक. पडवीत मी. माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत ऋतुजा चेंदवणकर, अपघाताची चौकशी करायला आलेली तिशीची सरकारी इंजिनीअर, मांडीवर टॅब घेऊन. दाराच्या उंबऱ्यावर माझी वयनी मनोरमा, अडकित्त्याने सुपारी कातरत. आणि आत माजघरात, माझ्याच खाटेवर, कमरेपर्यंत प्लास्टर घातलेला माझा थोरला भाऊ सदानंद, तोंड भिंतीकडे करून. बारा दिवसांपूर्वी भरदुपारी त्याच्या घराचा स्लॅब त्याच्यावर पडला होता. जॅक लावून मीच त्याला बाहेर काढला. हॉस्पिटलातून आणायचा तर त्याला घर उरलं नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे. आम्हा दोघांचा अबोला अकरा वर्षांचा. स्लॅब पडला तरी तो पडला नव्हता.

ऋतुजाच्या टॅबवर चौदा रकाने होते. तेरा भरून झाले होते. चौदावा असा: ‘परवानाधारक मेस्त्रीने घरातल्या माणसांना स्वतःच्या तोंडाने सूचना दिली होती का? कोणत्या शब्दांत?’ त्या एका रकान्यावर माझा परवाना लटकला होता. उत्तर ‘नाही’ असेल तर दुसऱ्या दिवसापासून भाटवाडीतल्या एकाही भिंतीला मी हातोडी लावायची नाही. शहात्तराव्या वर्षी मेस्त्रीची हातोडी काढून घेतली की त्याच्या हातात उरते ती काठी.

“हो की नाही, एवढंच सांगा,” ऋतुजा म्हणाली.

“मॅडम, घर काय एका शब्दात पडत नाही. पहिल्यापासून सांगावं लागेल.”

आतून दादाचा आवाज आला. “त्याका सांग, बेगीन आटप. माका झोप येता.”

वयनीने मान न उचलता मला सांगितलं, “ते म्हणतत, बेगीन आटप.”

“त्यांना सांग, माझ्या घरात माझ्या वेळेने आटपतं.”

वयनीने निरोप पोचवला नाही. सुपारीचं खांड मात्र जरा जोरात फुटलं. अकरा वर्षं त्या बाईने आमच्यामध्ये टपाल वाहिलं. कोणतं पत्र पोचवायचं आणि कोणतं चुलीत घालायचं, हे तिचं ती ठरवायची.

तर पहिल्यापासून.

वडिलांच्या जागेत आम्ही दोघा भावांनी जुळं घर बांधलं २००३ साली. मधे एक भिंत, दोन्ही अंगांना दोन बिऱ्हाडं आणि वर सलग एकच स्लॅब. चिठ्ठ्या टाकल्या. दादाला समुद्राकडचा भाग आला, मला रस्त्याकडचा. दादा एवढा खूश झाला की संध्याकाळी खिडकीत बसून सूर्य बुडताना बघायचा आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात वयनीला म्हणायचा, “काय देखणो दिसता गो.” मला माझ्या खिडकीतून कोंबड्यांची गाडी दिसायची.

वाटणी भिंतीची झाली, स्लॅबची नाही. स्लॅबला वाटणी कळत नाही. तो एका दमात ओतलेला असतो, आतल्या सळया या भावाकडून त्या भावाकडे गेलेल्या असतात.

आता काँक्रीट समुद्राकाठी मरतं कसं, ते ऐका. काँक्रीट चुन्याच्या जातीचं. त्याच्या पोटात असेपर्यंत लोखंडी सळीवर एक अदृश्य कवच असतं, म्हणून ती गंजत नाही. पण वाऱ्याबरोबर मीठ येतं, ओलीबरोबर आत शिरतं, वर्षाला नखाच्या जाडीएवढं. वीस-पंचवीस वर्षांत सळीपर्यंत पोचतं आणि कवच फोडतं. मग सळी गंजायला लागते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो जागा मागतो, काँक्रीट देत नाही, आणि शेवटी काँक्रीट फुटतं. आधी केसाएवढी चीर, मग फुगवटा, मग एके दिवशी पोपडा आमटीत.

याला उपाय जुना. हातोडीने टकटक करत सगळा स्लॅब ऐकायचा. आवाज भरीव आला तर पुढे जायचं. पोकळ आला तर फोडायचं, सळी उघडी करायची, गंज घासायचा, लेप द्यायचा, नवा मसाला भरायचा. पाच-सात वर्षांनी पुन्हा तेच. दादाचा भाग समुद्राच्या तोंडावर, म्हणून त्याचं दुखणं माझ्यापेक्षा दहा वर्षं पुढे.

आणि याच टकटकीने आमचं बिनसलं.

२०३२ साली दादाच्या मुलीला, सुनेत्राला बघायला कुडाळची माणसं आली. काका म्हणून मीही बसलो होतो. बोलता बोलता माझा हात पाठीमागच्या खांबावर गेला. मेस्त्रीच्या बोटांना खोड असते. वाजवून बघितल्याशिवाय ती कुठे टेकत नाहीत. टक टक. पोकळ. मी पुन्हा वाजवलं. मुलाच्या बापाने विचारलं, “काय झालं?” आता कोणी काही विचारलं की मला थांबता येत नाही. मी त्याला मीठ, सळी, गंज सगळं समजावून दिलं. उठून तुळई वाजवून दाखवली. “हे घर बाहेरून गुळगुळीत आहे, पण आतून गेलेलं आहे,” असं माझ्या तोंडून गेलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पानं घेतली आणि चार दिवसांनी नकार कळवला.

दादा त्या दिवशी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. “वासू,” तो म्हणाला, “माझ्या घराबद्दल तोंडातून पुन्हा एक शब्द काढलंस, तर माझा मेल्याचा तोंड बघशीत.”

मी म्हटलं, “बरं.”

त्यानंतर आमच्यात जे काही झालं ते वयनीमार्फत.

“केरकर,” ऋतुजा म्हणाली, “हे रकान्यात बसत नाही.”

“बसवू नका. डोक्यात ठेवा.”

मग चुनकिडा आला. प्रयोगशाळेतलं त्याचं नाव एवढं लांब होतं की म्हणेपर्यंत ताक नासावं. वाडीने त्याचं चुनकिडा केलं. डोळ्याला दिसत नाही असा जंतू. भिंतीवर पाण्यातून फवारायचा, की तो छिद्रांतून आत जातो आणि झोपतो, वर्षानुवर्षं. चीर पडून आत पाणी आलं की जागा होतो. त्याला खायला दुधातल्या आम्लाचं आणि चुन्याचं मिळून झालेलं एक मीठ लागतं. ते खातो आणि मागे चुनखडी टाकतो. चीर बुजते, पाणी थांबतं, पुन्हा झोपतो.

“खातो आणि भिंत हगतो,” असं मी वाडीला समजावलं होतं. ऋतुजाने त्या वेळी तोंड फिरवलं, पण चूक काढली नाही.

असले जंतू जगात आधीपासून होते. पण ते जागच्या जागी राहायचे, आणि चीर रुंद असली की हात टेकायचे. ऋतुजाच्या खात्यातल्या लोकांनी त्यांना मुंग्यांची अक्कल दिली. एकाला खाणं सापडलं की तो वास सोडतो, बाकीचे त्या वाटेने सरकतात, आणि जाताना चुना बरोबर नेतात. त्यामुळे बोटभर चीरसुद्धा भरायला लागली. पण त्यात एक मेख होती. जिथे खाणं नाही तिथला उपाशी चुनकिडा आजूबाजूचा चांगला चुना विरघळवतो आणि तो घेऊन खाण्याच्या दिशेने निघतो. म्हणून कागदावर ठळक अक्षरांत नियम: एका स्लॅबला खाणं सगळीकडे सारखं द्यावं, एकाच दिवशी, एकाच मापाने.

हा नियम ज्याने लिहिला, तो आमच्याकडे कधी राहिला नसावा. एका छपराखाली राहणाऱ्या दोन घरांनी एकाच दिवशी एकाच मापाने काही केलंय, असं मी फक्त सुतकात पाहिलं आहे.

खाण्याच्या पुड्या महिन्याला गाडीने यायच्या. २०४१ च्या पावसाळ्यात घाट खचला आणि तीन महिने गाडी आली नाही. चुनकिडे जागे आणि उपाशी. तेव्हा मी डोकं चालवलं. माझे वडील खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना करायचे. आणि ताकातलं आंबट ते कुठलं? तेच दुधाचं आम्ल. शिळं, चांगलं आंबट ताक घेतलं, त्यात शिंपल्यांचा चुना घातला, खळखळलं, निवळ काढली, आंब्यावर फवारायच्या पंपात भरली आणि मारली स्लॅबवर. आठ दिवसांत चिरा बुजल्या. ऋतुजाने माझी घागर तपासायला नेली आणि महिन्याभरात सगळ्या किनाऱ्याला परिपत्रक गेलं. त्यात माझं नाव नव्हतं.

“तळटीप होती,” ऋतुजा म्हणाली.

“‘एका स्थानिक रहिवाशाच्या सूचनेवरून’. आमची गायही स्थानिक रहिवासी होती.”

आतून दादा खोकला. तो हसला असेल तर मला माहीत नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही मानणारच नाही. वाडीतल्या घाड्यांनी भिंतीला एवढं ताक पाजलं की न्हाणीघराची खिडकी बुजली. आत अंघोळीला गेलेला जावई दार फोडून काढावा लागला, कारण दारही चौकटीला चिकटलं होतं. दाभोलकरांच्या जिन्याला एक पायरी जास्त आली.

“पायऱ्या वाढत नाहीत,” ऋतुजा म्हणाली.

“एक वाढली.”

“खालच्या पायरीवर अर्ध्या इंचाचा थर बसला होता. मी स्वतः मोजला.”

“तोच मी म्हणतोय.”

पण हसण्याचे दिवस थोडे. लोकांना मेख कळली. शेजाऱ्याच्या अंगणाला लागून असलेली कुंपणाची भिंत आपल्या बाजूने पाजली की ती आपल्याकडे सरकते. शेजाऱ्याच्या बाजूला तिचे पोपडे पडतात, आपल्याकडे ती गुबगुबीत होते. मग रांगेने शेजारी पाजायला लागले. सख्खे चुलते एकमेकांच्या ताकाच्या घागरी ओतून टाकायला लागले. पूर्वी आमच्याकडे बांध कोरायचे, आता भिंती चोरायला लागले. सरकारने मग प्रत्येक किनारी गावात एक परवानाधारक मेस्त्री नेमला आणि प्रत्येक स्लॅबला ‘कान’ लावले. कान म्हणजे बटणाएवढी चकती. काँक्रीटच्या आत सूक्ष्म चीर पडताना जो आवाज होतो, तो माणसाला ऐकू येत नाही. तो ती चकती ऐकते आणि मेस्त्रीच्या हातातल्या यंत्रावर दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे टेकू लावा. लाल म्हणजे तासाच्या आत माणसं बाहेर. लाल लागला की मेस्त्रीने स्वतः घरासमोर जायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. फोन नाही, चिठ्ठी नाही, दुसऱ्यामार्फत नाही. वादळात फोन मरतात आणि निरोप वाटेत बदलतात, म्हणून तोंडी सूचना.

भाटवाडीचा मेस्त्री मी. दोन वर्षांत सात लाल लागले. सातही घरं मी रिकामी केली. एका घरातून तर म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणली आणि ती वाटभर मला शिव्या देत होती. एक माणूस दगावला नाही.

“हे तेरा रकान्यांत आहे,” ऋतुजा म्हणाली. “आता तुमच्या स्लॅबचं सांगा.”

आमच्या घरात दोन बिऱ्हाडं आणि गाय एक, बांडी. वडिलांच्या गाईच्या वंशातली, म्हणून तिची वाटणी झाली नव्हती, पाळी होती. एक दिवस दूध माझं, एक दिवस दादाचं. आपापलं ताक साठवायचं आणि नियमाप्रमाणे एकाच दिवशी आपापला अर्धा स्लॅब पाजायचा. वर गच्चीवर भिंत नाही, म्हणून मी चुन्याने मधोमध रेघ मारली होती. दादा रेघेपर्यंत यायचा, मी रेघेपर्यंत जायचो. दोन म्हातारे पाठीवर आंब्याचे पंप लावून एकमेकांकडे पाठ करून स्लॅबला ताक पाजतात, हे बघायला वाडीतली माणसं माडावर चढायची.

दीड वर्ष ते नीट चाललं. मग दादाचे गुडघे गेले. वयनी पंप घेऊन चढायला लागली. त्याच वर्षीच्या, २०४३ च्या आषाढात ती शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडलं. दादाने सांगितलं, यापुढे ह्या घरातला कोणी गच्चीवर चढणार नाही.

मी माझा अर्धा पाजत राहिलो. रेघेपर्यंत. एक थेंब पलीकडे नाही.

“पलीकडे का नाही मारलं?” ऋतुजाने विचारलं. “दहा पावलं होती.”

“त्याने सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही.”

“त्याच्या घराबद्दल एक शब्द काढायचा नाही, असं होतं.”

“त्याका सांग,” आतून दादा म्हणाला, “पंपाक तोंड नसता. पंप मारूक शब्द लागना नाय.”

वयनीने हा निरोप पोचवला नाही. गरजही नव्हती.

एक गोष्ट मी ऋतुजाला सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. श्रावणात एका सकाळी माझ्या दारात ताकाची घागर होती. वर केळीचं पान झाकलेलं. पाळी दादाची होती, म्हणजे ताक त्यांचं. कोण ठेवून गेलं, कशासाठी ठेवून गेलं, हे न कळायला मी काही दूधपितं पोर नव्हतो. तरी मी ते पंपात भरलं, गच्चीवर गेलो आणि माझ्या अर्ध्यावर मारलं. खाली आलो तेव्हा वयनी विहिरीवर होती. तिने माझ्या पायांकडे बघितलं. त्यावर उडालेले पांढरे थेंब कुठपर्यंत होते, हे बहुतेक ती मोजत होती. दुसऱ्यांदा घागर आली नाही.

मग स्लॅब चालायला लागला. माझी बाजू पाच इंचांची सात झाली, मग नऊ. पंख्याचा हूक दगडात गेला आणि पंख्याची पाती छताला घासायला लागली. माझ्या घरात एक पाल होती. ती एका सकाळी छतात अर्धी दिसली, शेपूट बाहेर, हलत नव्हती. मी तुळयांना टेकू लावले, कारण नव्या थरात सळी नव्हती, नुसतंच वजन. आणि दादाची बाजू? पाचाची चार, चाराची अडीच. मी गच्चीवर उभा राहून रेघेपलीकडे बघायचो. भाद्रपदाच्या उन्हात तो स्लॅब शिंपलीसारखा उजळायचा. खाली वयनीने दिवा लावला की वर उजेड दिसायचा. वर कावळा बसला की त्याच्या पायांची सावली दादाच्या ताटात पडायची.

“हे शक्य नाही,” ऋतुजा म्हणाली. “सळया होत्या. अडीच इंचाच्या काँक्रीटमधून उजेड जात नाही.”

“तुम्ही त्यांच्या ताटात जेवलात कधी?”

ऋतुजाने वयनीकडे बघितलं. वयनी म्हणाली, “कावळो नाय. पारवो.”

ऋतुजाने टॅबवर काहीतरी लिहिलं आणि पुसलं. तिची चूक होती असं मी म्हणणार नाही. पण तीन महिन्यांत एकदा तिने येऊन दोन्ही बाजूंची जाडी मोजायची असते, आणि त्या पावसाळ्यात ती आली नव्हती. ते तिलाही माहीत होतं. म्हणून तिचा आवाज जरा जास्तच कडक होता.

“त्या दुपारचं सांगा,” ती म्हणाली.

मंगळवार. ऑक्टोबरचं ऊन. पावसाळाभर ओलीवर जगलेले चुनकिडे आता सुकायला लागले होते. जाता जाता शेवटचा चुना ओढून नेत होते. वयनी वेंगुर्ल्याला मासे आणायला गेली होती. दादा घरात एकटा. बारा वाजून वीस मिनिटांनी माझ्या हातातलं यंत्र थरथरलं. लाल. घर क्रमांक एकोणतीस, पश्चिम बाजू. दादाचं घर.

मी खळ्यात आलो. दादाची खिडकी माझ्यापासून दहा पावलांवर, उघडी. तो जेवायला बसला होता. पुढे ताट, हातात घास. वरून बारीक भुकटी पडत होती, पिठासारखी. ती त्याच्या केसांवर बसलेली मला दिसत होती.

“किती वेळ होता?” ऋतुजाने विचारलं.

“लाल लागल्यापासून पडेपर्यंत अकरा मिनिटं. यंत्रात आहे.”

“अकरा मिनिटं तुम्ही खळ्यात होता?”

“होतो.”

“आत का गेला नाहीत?”

“अकरा वर्षांत त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता मी. आणि नियम तोंडी सूचनेचा आहे, पायाचा नाही.”

“मग सूचना दिलीत?”

चौदावा रकाना. तिचं बोट टॅबवर टेकलेलं होतं. अडकित्ता थांबला होता. मी वर बघितलं. माझा नऊ इंचांचा स्लॅब, त्यातला निम्मा दादाचा, आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर टेकूंवर उभा होता. साठ वर्षांत मी हजारो गजाली सांगितल्या. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा, हे मला कोणी शिकवायला नको.

“दिली,” मी म्हटलं. “हाक मारली मी.”

“शब्द?”

“‘दादा, भायर ये. स्लॅब खाली येता.’ हेच शब्द. एकदा नाही, तीनदा. घसा फुटेपर्यंत. माडावरचे कावळे उडाले. तिकडे घाड्यांच्या परसात ऐकू गेली असेल.”

ऋतुजा लिहायला लागली. “दादा... बाहेर ये...” ती शब्द पुटपुटत टाइप करत होती. “आणि त्यांनी काय केलं?”

“माझ्याकडे बघितलं त्याने. सरळ माझ्या डोळ्यांत. आणि बघूनही उठला नाही. हट्टी माणूस, मॅडम. माझ्या हाकेने बाहेर यायचं म्हणजे अबोला त्याने मोडल्यासारखा झाला असता. मरण पत्करलं, पण माझ्या शब्दावर उठायचं नाही. मेस्त्रीने हाक मारावी, आणखी काय करावं? लिहा, सूचना तीनदा दिली, घरमालकाने मानली नाही.”

ऋतुजाने लिहिलं. वयनीने अडकित्ता खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

आत खाट करकरली. प्लास्टरसकट कूस बदलणं सोपं नाही; बराच वेळ ती करकरत राहिली. मी ‘त्याका सांग’ची वाट बघत होतो. ‘त्याका सांग’ आलं नाही. माजघरातल्या अंधारातून दादाचं तोंड पहिल्यांदा आमच्याकडे वळलेलं दिसलं.

“वासू,” तो म्हणाला, “खोटा बोलू नको. तू खळ्यात उभो होतंस, तोंड मिटान. हाक मारलं असतंस तर मी इलो असतंय. तू कधी हाक मारतंस ता बघीत, हातात घास धरून मी बसान रवलंय.”